पुट्टीखालचं लाकूड

महाळुंगे,
१२ नोव्हेंबर २०२४

उद्धवभावजींस,

जयमालाचा नमस्कार. फोन करून उपयोग नाही म्हणून लिहिते. मागच्या वेळी तुमच्याशी फोनवर बोलले तर आमच्या चाळीतले सगळे भाडेकरू दारात आले, कुणाचं भांडण चाललंय ते बघायला. तुम्हाला मात्र एक शब्द पोचला नाही. आमच्या पाण्याच्या टँकरवरचा ज्ञानेश दर दोन दिवसांनी तळेगावात येतो. हे पत्र त्याच्याकडे देते, उत्तरही त्याच्याकडेच द्या.

काम असं आहे. कंपनीला जमीन गेली तेव्हा ह्यांनी हौसेने जुनी मोटारबोट घेतली होती, आठवत असेल. पवनेच्या धरणात दोन-चार उन्हाळे फिरवली. हे गेले आणि ती आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. ताडपत्री फाटली, आत पावसाचं पाणी साठलं, एकदा तर कुत्री व्याली तिच्यात. आता आमच्या दिग्विजयच्या डोक्यात आलंय की ती नीट करायची आणि धरणावर पर्यटकांना फिरवायचं. बाहेरून बोट फायबरची आहे, पण मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्या पोटात लाकूड आहे आणि ते बोटाने चुरतंय. चाकणच्या एका सुताराला बोलावलं होतं. तो म्हणाला, मी दरवाजे करतो.

तुमचा सगळा जन्म लाकडात गेला. घरात माणूस असताना बाहेर कशाला विचारायचं? तसंही तुम्ही बसूनच असता.

जयमाला


तळेगाव दाभाडे,
१५ नोव्हेंबर २०२४

श्रीमती जयमालावहिनींस,

उद्धवचा साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. मी बसून असतो हे खरं आहे. कान गेल्यावर माणसाला लोक बसवूनच ठेवतात.

मी बोटी केलेल्या नाहीत. फौंड्रीत मी पॅटर्न करायचो. एखादा लोखंडी भाग ओतायचा असेल तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रत करायची, ती वाळूत दाबायची, तिच्या साच्यात लोखंड ओतायचं. ती लाकडी प्रत म्हणजे पॅटर्न. पण लाकूड ते लाकूडच. मागची फळी मी करून देईन. दिग्विजयला जुनी फळी काढून तिची नीट मापं घ्यायला सांगा आणि ती कागदावर पाठवा.

एक विनंती आहे, राग मानू नये. आमच्या सायलीच्या मालकांची, जावई शेखररावांची, कंपनीतली नोकरी दिवाळीआधी गेली. पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये दोघं तोंडं पाडून बसलेली असतात. बोट चालवायला दिग्विजयला सोबत कुणीतरी लागेलच. शेखररावांना घेतलं तर तुमच्या कामालाही विश्वासाचा माणूस मिळेल. कुसुम गेल्यापासून मला सायलीशिवाय कुणी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दर रविवारी ती येते, माझ्या समोर बसून सावकाश बोलते, ओठांवरून मला सगळं कळतं. हल्ली ती बोलतच नाही.

आपला,
उद्धव


महाळुंगे,
२० नोव्हेंबर २०२४

उद्धवभावजींस,

मापांचा कागद सोबत आहे. दिग्विजयने टेपने घेतलीत.

शेखररावांचं म्हणाल तर नाही. स्पष्ट सांगितलेलं बरं. ज्या माणसाला एसीत बसून काम टिकवता आलं नाही तो उन्हात काय टिकणार? सायलीचं स्थळ बघताना मी म्हटलं होतं, आपल्यातला, जमीनवाला मुलगा बघा. तेव्हा तुम्ही शिक्षणाचं कौतुक सांगत होतात. आता शिक्षणाला मीठ लावून खा म्हणावं. बोट माझ्या दिग्विजयची आहे. तिच्यात कुणाला बसवायचं ते तो ठरवेल.

फळी कधी देता ते कळवा.

जयमाला


तळेगाव दाभाडे,
१० डिसेंबर २०२४

श्रीमती जयमालावहिनींस,

सा. नमस्कार. ज्ञानेशबरोबर फळी पाठवत आहे. पाण्यात चालणाऱ्या प्लायवूडचे थर एकमेकांना चिकटवून, दाबून केली आहे. कडा पटाशीने साफ केल्या, वरून रेझिनचे हात दिले. बऱ्याच दिवसांनी रंधा हातात घेतला. शेजारचे धम्मरत्न कांबळे, आमच्याच पॅटर्न शॉपमधले, बघायला आले आणि फळीवरून हात फिरवून म्हणाले, "उद्धवराव, तुमचा हात हाय तिथंच हाय." मला ते ओठांवरून कळलं आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं.

फळी ठोकू नये. हाताने सरकून बसली पाहिजे.

आपला,
उद्धव


महाळुंगे,
१६ डिसेंबर २०२४

उद्धवभावजींस,

तुमची फळी सरकून बसली नाही, ठोकूनही बसली नाही. बोटीपेक्षा फळी मोठी. दिग्विजयने मापलं तर बारा मिलिमीटर जास्त. त्याला वाटलं जरा दाबली तर जाईल, म्हणून त्याने घण घातला आणि बोटीच्या मागच्या बाजूचं फायबर तडकलं. आधी नुसतं लाकूड खराब होतं, आता बोटही.

चौथी शिकलेल्या सुताराला टेप कळते. तुम्हाला कंपनीने घड्याळ देऊन निरोप दिला होता ना? कशाबद्दल दिला?

फळी अंगणात उभी करून ठेवली आहे. येणारे-जाणारे विचारतात, दिग्विजय सगळ्यांना सांगतो. चांगली करमणूक होते.

जयमाला


तळेगाव दाभाडे,
१९ डिसेंबर २०२४

श्रीमती जयमालावहिनींस,

चूक माझी आहे. कशी झाली ते सांगतो. लोखंड निवलं की आकसतं. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. सगळी नोकरी मी त्याच पट्टीने मापलं. दिग्विजयची मापं साध्या टेपची होती. मी ती माझ्या पट्टीवर धरली. हातात तीच पट्टी आली, विचारसुद्धा आला नाही.

पॅटर्न शॉपमधला कुणीही हे ऐकून हसणार नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.

बोट ट्रॉलीवर चढवून माझ्याकडे पाठवा. घरामागे पत्र्याची शेड आहे. तडा सांधतो, फळी नवी करतो. ह्यावेळी टेपने. तुम्हाला एका पैशाचा भार पडणार नाही.

आपला,
उद्धव


तळेगाव दाभाडे,
२ जानेवारी २०२५

श्रीमती जयमालावहिनींस,

सा. नमस्कार. बोट पोचली. तडा फार खोल नाही. नवी फळी झाली आहे आणि हाताने सरकून बसली.

पण मला वेगळीच काळजी आहे. बोटीच्या तळाला, पायाखालच्या फळ्यांच्या खाली, पुढून मागेपर्यंत दोन जाड लाकडी पट्ट्या असतात. बोट वेगात असली की पाणी खालून दणके देतं. तळ लवू नये म्हणून त्या पट्ट्या. त्या कुजलेल्या असतील तर मागची फळी कितीही चांगली असो, एक दिवस भर पाण्यात तळ फाटेल. तुमच्या भाचीच्या साखरपुड्याहून आलो की पायाखालच्या फळ्या उचकटून बघतो. पट्ट्या खराब निघाल्या तर दोन महिने लागतील, पण त्या बदलल्याशिवाय मी बोट देणार नाही.

साखरपुड्याला सायली आणि शेखररावही येत आहेत.

आपला,
उद्धव


महाळुंगे,
९ जानेवारी २०२५

उद्धवभावजींस,

साखरपुड्याला आलात आणि न जेवता गेलात. चारचौघांत शोभतं का हे? विहीणबाई विचारत होत्या, ते कानाला मशीन लावलेले पाहुणे कुठे गेले.

पोरांनी जरा मस्करी केली असेल. दिग्विजयचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आता एवढं काय मनावर घ्यायचं?

बोटीचं काय झालं?

जयमाला


तळेगाव दाभाडे,
१२ जानेवारी २०२५

श्रीमती जयमालावहिनींस,

मस्करी अशी होती. मी पंगतीत बसलो होतो. दिग्विजय समोर येऊन बसला आणि बोलायला लागला. त्याचे ओठ हलत होते, पण मशीनमधून काही येईना. मला वाटलं मशीन बंद पडलं. मी ते काढलं, झटकलं, सेल बदलला, परत घातलं. तो आणखी जोरात ओठ हलवायला लागला, नुसते वेडेवाकडे, काही अर्थ लागेना. मी घाबरलो. मला वाटलं, राहिलेलं तेवढंही गेलं. मग मी आजूबाजूला बघितलं तर पंगत हसत होती. तो आवाजच काढत नव्हता. शेवटी त्याने दोन्ही हात पसरून फळीचं माप दाखवलं आणि तेव्हा उरलेलेही हसले.

तुम्ही वाढायला उभ्या होतात. तुम्हीही हसलात. शेखररावांशेजारी सायली बसली होती. तिनेही पदर तोंडाला लावला होता.

बोटीचं काम चालू आहे.

उद्धव


महाळुंगे,
१६ जानेवारी २०२५

उद्धवभावजींस,

हो, हसले. हसू आलं म्हणून हसले. मी काही देवी नाही.

ह्या विषयावर आता लिहू नका. बोट कधी देता तेवढं सांगा. दिग्विजय इंजिनाचं सर्व्हिसिंग करून बसलाय.

जयमाला


तळेगाव दाभाडे,
२० फेब्रुवारी २०२५

श्रीमती जयमालावहिनींस,

सा. नमस्कार. बोट तयार आहे. ट्रॉली पाठवावी.

मागची फळी नवी, तडा सांधला, सगळीकडून पुट्टी मारून घासली, पांढरा रंग आणि निळा पट्टा दिला. आमच्या सोपानदादांनी पहिल्यांदा घरी आणली होती त्यापेक्षा चांगली दिसते. पायाखालच्या फळ्याही काढून बघितल्या. खालच्या दोन्ही पट्ट्या उत्तम आहेत, काळजीचं काही कारण नाही. दिग्विजयला सांगा, मनसोक्त पळवा. जुनी बोट म्हणून भीत भीत चालवायची गरज नाही.

आपला,
उद्धव


महाळुंगे,
२१ मार्च २०२५

उद्धवभावजींस,

बोट आल्याला महिना होत आला आणि मी पोच दिली नाही. कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सगळं ठरलंय म्हणून लिहिते.

बोट आली तेव्हा अंगणात माणसं जमली. ज्यांनी त्या मोठ्या फळीला हसून घेतलं होतं तीच माणसं. दिग्विजय तिच्याभोवती फिरत राहिला, हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई, काकांनी एवढं केलं व्हय? मी त्यांना तसं करायला नको व्हतं." मी म्हटलं, नको व्हतं न्हाई, तोंड काळं करायसारखं केलंस. आणि मी हसले, म्हणजे मीही केलं. तुमचं बारा तारखेचं पत्र मी उशाखाली ठेवलं होतं भावजी. झोप लागायची नाही. मशीन झटकताना तुमचा चेहरा दिसायचा. उत्तर उर्मटपणाने दिलं ते लाज वाटत होती म्हणूनच. माझी जीभ अशीच आहे, आत एक असतं आणि बाहेर दुसरं येतं.

म्हणून मी ठरवलं आणि दिग्विजयने मान्य केलं. बोट सायली-शेखररावांची. इंजिनासकट. मी स्वतः पिंपळे सौदागरला जाऊन सांगून आले. शेखररावांना आधी खरं वाटेना, मग आत जाऊन तोंड धुऊन आले. सायली पाया पडली. तुम्हाला तिने मुद्दाम सांगितलेलं नाही, पाडव्याला सकाळी तिला तुम्हाला धरणावरच न्यायचंय. बोटीला हार घालायचा आणि पहिल्या फेरीत ती, शेखरराव आणि मध्ये तुम्ही. शेखररावांना पोहता येत नाही म्हणून ती जरा बिचकत होती. मी म्हटलं, बोट तुझ्या बापाने केलीय, घाबरतेस कशाला.

मी पोटात ठेवू शकत नाही म्हणून लिहून टाकलं. माहीत नसल्यासारखं करा.

जयमाला


तळेगाव दाभाडे,
२३ मार्च २०२५

जयमालावहिनी,

बोट पाण्यात घालू देऊ नका. पत्र मिळाल्याबरोबर ती अडवा.

खालच्या दोन्ही पट्ट्या कुजलेल्या आहेत. साखरपुड्याहून आल्यावर मी पायाखालच्या फळ्या उचकटल्या. पटाशी लावली तर ओल्या भाकरीसारखी आत गेली. मग कुजकं वरवर खरवडलं, पुट्टी भरली, घासली, रेझिन चढवलं, रंग दिला. वरचं रूप कसं आणायचं ते पॅटर्नवाल्याला शिकवावं लागत नाही. नंतर तुम्हाला लिहिलं की उत्तम आहेत, मनसोक्त पळवा.

मी ते दिग्विजयसाठी केलं. आधी स्वतःला सांगत होतो की तो फक्त भिजेल, लोकांपुढे ओरडेल आणि लोक हसतील. पट्टीचा पोहणारा असेल, निघेल बाहेर. खोटं कशाला लिहू. रंग देताना माझ्या मनात होतं की नाही निघाला तरी चालेल. ते चांगलं वाटत होतं. त्या रात्रींत मला झोप छान लागली.

आता मी तुमच्याकडे भीक मागतो. काहीतरी निमित्त काढा. इंजिन बिघडलं म्हणा, कागद राहिलेत म्हणा, आणि बोट माझ्याकडे परत पाठवा. मी सगळं काढून नवं लाकूड घालतो, दोन महिन्यांत देतो, आणि पहिल्यांदा मी एकटा बसून पाण्यात नेतो. फक्त सायलीला कळू देऊ नका. तुम्ही मला काय वाटेल ते बोला, दिग्विजयला सांगा, भावकीत सांगा, पोलिसात द्या. सायलीला नको. ती दर रविवारी येते. ती यायची थांबली तर माझ्याशी बोलणारं कुणी नाही.

तुमचे पाय धरतो.

उद्धव


महाळुंगे,
२६ मार्च २०२५

उद्धवभावजींस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

बोट अडवली आहे. इंजिन काढून घरात आणून ठेवलं. दिग्विजयला म्हटलं, सर्व्हिसिंग नीट झालेलं नाही. सायलीला निमित्त सांगितलं नाही. नुसतं म्हटलं की बोट आत्ता मिळणार नाही. ती काल संध्याकाळी शेखररावांना घेऊन आली आणि दारातच उभं राहून मला बोलली. द्यायचं म्हटलं की तुमच्या हाताला लकवा मारतो, म्हणाली. आमच्या आप्पांकडून राबवून घेतलंत आणि आता शब्द फिरवता, म्हणाली. बाहेर भाडेकरू ऐकत होते. मी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दिग्विजयला पोहता येत नाही. लहान असताना ह्यांनी त्याला शिकवायला म्हणून विहिरीत टाकला होता, वर काढला तो निळा पडलेला. तेव्हापासून तो गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जात नाही. बोट चालवायची हौस त्यातूनच आली असावी, मला कळत नाही. भावकीत हसतील म्हणून आम्ही कधी सांगितलं नाही. तुम्ही जिवावर उठला होतात तो मुलगा परवा तुमच्यासाठी टोपी-उपरणं आणायला चाकणला गेला होता. पाडव्याला तुमचा मान करायचा म्हणून.

तुम्ही पाय धरलेत, पण ते होणार नाही. मी कुणालाच काही सांगणार नाही. मला तोंड आहे, तुम्हालाही आहे. पाडव्याला सकाळी मी दिग्विजयला, सायलीला आणि शेखररावांना घेऊन तुमच्या शेडवर येते, बोट ट्रॉलीवर घेऊन. सगळे उभे राहिले की तुम्ही स्वतःच्या हाताने पायाखालच्या फळ्या उचकटायच्या, पुट्टी फोडायची, आणि आतलं लाकूड आधी दिग्विजयच्या हातात द्यायचं, मग सायलीच्या. आणि ते कुणासाठी झाकलं होतं ते मोठ्याने सांगायचं. त्यानंतर सायली तुमच्याकडे येते की नाही ते तिचं ती बघेल. तुम्ही कुठे निघून जाल, आजारी पडाल, तर हे तुमचं पत्र तिच्या हातात देईन. तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं की कागदावर वाचलेलं, ते तुम्हीच ठरवा.

जाताना सायली काय म्हणाली ते लिहिते. तुमच्यासमोर म्हणाली असती तरी कदाचित तुम्हाला कळलं नसतं, कारण ती रडत होती आणि ओठ धड हलत नव्हते. ती म्हणाली, "ठेवा तुमची बोट. पण काकू, तिच्यात काय खोट हाय असं कुणाला सांगू नका. माझ्या आप्पांनी केलीय ती."

जयमाला